बोअर गेजला डायल कोणता लावू: ०.०१, ०.००१ की डिजिटल?

बोअर गेज म्हणजे बोअरचा, म्हणजे भोकाचा, आतला व्यास मोजायचं साधन. त्याला डायल लावताना सगळ्यात आधी स्टेम (डायलची गेजमधे बसणारी दांडी) बघा बाकीचं नंतर. आपल्याकडच्या बहुतेक बोअर गेजला ८ मिमी स्टेमचा डायल बसतो, अमेरिकन मापाचा स्टेम ३/८ इंच म्हणजे साडेनऊ मिमीच्या आसपास, तो आत जाणारच नाही. स्वस्तात मिळाला म्हणून जुन्या बाजारातून उचलू नका.

आता ०.०१ वाला, म्हणजे एक घर ०.०१ मिमीचं. एका फेरीत १ मिमी, रेंज बहुतेक वेळा १० मिमी, दणकट असतो आणि स्वस्तही. रफ बोअरिंगला, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) शंभर-दीडशे मायक्रॉन (हजार मायक्रॉन म्हणजे १ मिमी) असेल तिथे हाच घ्या, उगाच पैसे घालू नका. पण ५० H७ (५० मिमीचा बोअर, H७ हा टॉलरन्सचा ग्रेड) घेतलं तर टॉलरन्स फक्त २५ मायक्रॉन, म्हणजे या डायलवर जेमतेम अडीच घरं, आणि काटा दोन रेघांच्या मधे उभा राहिला की ऑपरेटर एक सांगतो, क्वालिटीवाला दुसरं सांगतो आणि दुपारचा चहा त्या भांडणात जातो.

०.००१ वाल्यावर तेच २५ मायक्रॉन २५ घरं दिसतात. होनिंग (बोअर आतून घासून फिनिश करणं), बेअरिंग सीट, स्लीव्ह असल्या कामाला मी हाच लावतो. पण याची एक खोड आहे, माझ्याकडच्या डायलला एक फेरी म्हणजे फक्त ०.२ मिमी. आमच्या एका पोराने ५० चा बोअर चेक केला, काटा बरोबर शून्यावर, जॉब (मशीनवरचा पार्ट) काढून ठेवला. पिन जाईना. बोअर ४९.८० होता, काटा अख्खी एक फेरी मारून परत शून्यावर आला होता, आणि फेऱ्या मोजायचा छोटा काटा कोणी बघितलाच नाही!! जॉब परत बांधून सेंटर काढण्यात अर्धी शिफ्ट गेली. म्हणून रफला ०.०१ आणि फायनलला ०.००१ असे दोन्ही ठेवले तर उत्तम.

आणि मायक्रॉनचा डायल लावला म्हणजे मायक्रॉनचं माप मिळालं असं नाही हां, गेजच्या बॉडीचीच दोन-चार मायक्रॉनची चूक असू शकते, शिवाय ५० मिमीचा स्टीलचा जॉब कटिंगनंतर ५ डिग्री गरम असेल तर बोअर जवळपास ३ मायक्रॉन मोठा दाखवतो. जॉब थंड होऊ द्या, आणि सेटिंग शक्यतो रिंग गेजवर (नेमक्या मापाच्या कड्यावर) करा.

डिजिटलचा खरा फायदा मिनिमम होल्ड. बोअरमधे गेज पुढेमागे डोलवायचा, काटा जिथून उलटा फिरतो तेच माप, हे नवीन माणसाला जमायला आठवडा जातो, डिजिटल ते सगळ्यात छोटं माप स्वतः पकडून ठेवतो. मात्र हे फंक्शन आहे का ते विचारूनच घ्या, नसेल तर नुसते आकडे नाचतात, त्यापेक्षा काटा बरा. अजून एक, बोअर लहान झाला की काटा घड्याळाच्या दिशेने पळतो, नवीन पोरं त्याला प्लस समजतात, डिजिटलमधे बऱ्याच वेळा ती दिशा उलटी करता येते. बॅटरीचा सेल खिशात ठेवा. कूलंट उडत असेल तर साध्या डिजिटलच्या नादी लागू नका.

ब्रँड म्हणाल तर मितुतोयो किंवा पुण्याचं बेकर, माझे दोन्ही चालू आहेत. काहीही घ्या पण डायलला पत्र्याचं कव्हर लावा, गेज टेबलावर आडवा ठेवला की पहिला मार काचेलाच बसतो.