उद्यम नोंदणी: आठ महिन्यांनंतर एका फ्रीलान्सरचा अनुभव

मी नाशिकला घरूनच पॅकेजिंगची लेबलं डिझाइन करतो. आठ महिन्यांपूर्वी उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म (मायक्रो), लघू आणि मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी केली, तीही सीएने कान धरला म्हणून. आम्हा डिझायनर मंडळींना ‘उद्यम’ म्हटलं की पापडाचं मशीन आठवतं!

नोंदणी अर्ध्या तासात झाली. आधार, पॅन, ओटीपी, बस. एक पैसा लागत नाही. हुबेहूब सरकारी वाटणाऱ्या काही साइट्स फी मागतात, म्हणून पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे ना, ते बघा.

पहिले तीन महिने प्रमाणपत्र नुसतं डाउनलोड्समध्ये पडून होतं. मग पुण्याच्या एका कंपनीने ६२,००० चं बिल अडकवलं. ‘पुढच्या आठवड्यात बघतो’ चार वेळा ऐकलं. नेहमीप्रमाणे ‘सर, एक छोटीशी आठवण’ टाइप केलं आणि खोडलं. बिलच पुन्हा पाठवलं, खाली उद्यम क्रमांक आणि ‘एमएसएमईडी कायदा २००६, कलम १५’ एवढी ओळ टाकून. हे कलम म्हणजे लहान उद्योगांचे पैसे मुदतीत देण्याचा नियम. दोन दिवसांत अकाउंट्समधल्या मॅडमचा फोन. “अहो, तुम्ही मायक्रोमध्ये येता हे आधी नाही का सांगायचं?”

मार्च, म्हणजे आर्थिक वर्षाचा शेवट, सुरू होता. लेखी करार असेल तर ठरलेल्या तारखेला, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. मुदत टळली तर प्राप्तिकराच्या नियमामुळे ती रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला खर्चात धरता येत नाही. शिवाय बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, ते वेगळंच. १० टक्के टीडीएस कापून ५५,८०० खात्यात आले. व्याज मी मागितलं नाही, काम पुढेही हवंय.

खरा फरक मात्र कोटेशनमध्ये पडला. पूर्वी फोनवर ‘करून टाक रे’ म्हटलं की मी सुरू. आता दिवस कधीपासून मोजायचे हा प्रश्न आला, म्हणून फायनल फाइल कधी देणार, मंजुरी कोण देणार, पैसे किती दिवसांत, सगळं मेलवर. ‘अप्रूव्ह्ड’ असं उत्तर आल्याशिवाय प्रिंट फाइल हलत नाही. हे खरं तर नोंदणीशिवायही करता आलं असतं, पण सुचलं नव्हतं.

परदेशी क्लायंटपुढे याचा उपयोग शून्य. थकलेल्या पैशांसाठी सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते, तिथवर अजून गेलो नाही. आणि पंचवटीतल्या फरसाणवाल्या काकांना कुठलं कलम दाखवणार? त्यांच्याकडून निम्मे पैसे आधीच घेतो. पहिल्यांदा मागितले तेव्हा जीभ अडखळली होती. काकांनी गल्ल्यातून मोजून दिले आणि वर पाव किलो शेवही बांधून दिली.