पाण्याला घाबरणारी लेक आणि तिच्यासाठी घेतलेलं सामान: मार्च ते नोव्हेंबरचा अनुभव

लेक सहा वर्षांची. मार्चमध्ये महापालिकेच्या पोहण्याच्या तलावावर तिचं नाव घातलं, आता नोव्हेंबर चालू आहे. एवढ्या महिन्यांत जे विकत घेतलं, मागून आणलं, त्यातलं काय उपयोगी पडलं आणि काय माळ्यावर गेलं ते लिहिते. विक्रीच्या पानावरचे अभिप्राय बहुतेक पार्सल फोडल्या फोडल्या लिहिलेले असतात, त्यावरून काही कळत नाही.

तिची भीती खोल पाण्याची नव्हतीच. कमरेएवढ्या पाण्यात मजेत उभी राहायची, पण तोंडावर शिंतोडा आला की शिडीची दांडी घट्ट. घरी डोक्यावरून न्हाऊ घालतानाही हाच तमाशा. त्यामुळे सगळ्यात जास्त कामाला आला तो चारेकशे रुपयांचा गॉगल, आणि तोही आधी बाथरूममध्ये. गॉगल लावून डोक्यावर तांब्या ओतायचा. मग बादलीत तोंड घालून तळाच्या बांगड्यांचे रंग ओळखायचे. थोड्याच दिवसांत रडं थांबलं. घेताना पट्टा न लावता नुसता डोळ्यांवर दाबून बघा. क्षणभर चिकटून राहिला तर मापाचा. पट्टा आवळून गळती थांबत नाही, वळ तेवढे उठतात. आतून बोटाने पुसू देऊ नका, वाफ न धरणारा थर निघून जातो. आमचा पावसाळ्यापर्यंत धुरकट झालाच. आता बेबी शाम्पूचा थेंब फिरवून विसळते, तेवढ्यावर निभावतं.

दंडात घालायचे हवेचे फुगे घेऊ नका. ते मुलाला काखेतून उभं धरतात, आणि पोहायचं तर आडवं व्हावं लागतं. लेक त्यात सायकल मारल्यासारखे पाय हलवत जागच्या जागी राहायची. ओल्या दंडावरून ते सटकतात, झडप गळते. हे जीवरक्षक साधन नाही, असं पाकिटावरच छापलेलं असतं, पण बारीक अक्षरात.

त्यापेक्षा आताच्या पोहण्याच्या सरांनी पाठीला बांधलेला तरंगणारा डबा बरा. सासरे म्हणाले, आमच्या वेळी विहिरीत पांगाऱ्याचं लाकूड नाहीतर सुका भोपळा बांधायचे, तत्त्व तेच. कंबर वर राहते, हात मोकळे राहतात, आणि सवय झाली की लहान डबा लावता येतो. (त्यांचं दुसरं मत, 'द्या ढकलून, आपोआप शिकेल,' आम्ही चहाबरोबर गिळलं. पहिल्या बॅचच्या प्रशिक्षकांचंही तेच मत होतं, म्हणून ती बॅच सोडली.)

किकबोर्ड, म्हणजे हातात धरून पाय मारायची तरंगती फळी, तलावावर मिळतो, विकत घ्यायची गरज नाही. हात सरळ, तोंड पाण्यात, नाकातून बुडबुडे, श्वास तोंडाने. भित्रं मूल मान वर धरतं, मान वर की पाय खाली, आणि पाय खाली गेले की ते आणखी घाबरतं. हे चक्र नुसत्या 'घाबरू नको'ने तुटत नाही.

आमच्याकडे ते तुटलं तळाला जाणाऱ्या रबरी रिंगांनी. उथळ बाजूला, छातीएवढ्या पाण्यात, सरांनी रिंग टाकली आणि श्वास भरून घेऊन ती आणायला सांगितलं. लेक वाकली, हात लांब केला, पार्श्वभाग वर, पाय हवेत, आणि रिंग वीतभर लांबच. पुन्हा गेली, पुन्हा वर आली. डोकं काढून चिडून ओरडली, "आई, मी खालीच जात नाहीये!" छाती हवेने भरली की अंग पाण्यापेक्षा हलकं होतं, हे मी तिला कितीदा सांगितलं होतं, पटलं ते बुडायला गेल्यावर. नंतर सर श्वास सोडायला लावून खाली जायला शिकवू लागले, तेव्हा तिला त्याची गंमत वाटायला लागली होती. रिंगा स्वस्त असतात, जरूर घ्या. पण मूल रिंगांच्या मागे असताना मोठ्या माणसाने हाताच्या अंतरावर पाण्यातच असावं, काठावर मोबाइल घेऊन नव्हे.

सध्या ती डब्याशिवाय तलावाची रुंदी पार करते. खोल बाजूला जात नाही, आम्हीही भरीस घालत नाही. थंडीमुळे सकाळची बॅच बदलून दुपारची घेतली. कुडकुडणारं मूल पुन्हा दांडी धरतं. टोपी सिलिकॉनची घेतली होती, केस ओढले जायचे. आता लायक्राची वापरतो. ती पाणी अडवत नाही, पण घालताना भांडण होत नाही.