आधी जठर, मग लिव्हर : बेंगळूरच्या हॉस्पिटलचा आमचा अनुभव

आमचे हे बेळगावच्या शहापुरात मिठाईचं दुकान चालवतात. दारूला कधी शिवले नाहीत, पण तीस वर्षं चव बघायची म्हणून रोज सकाळी वाटीभर कुंदा (आमच्याकडची दुधाची मिठाई) खाल्ला. वजन ११८, साखर, आणि लिव्हर पार सिरॉसिसपर्यंत, म्हणजे कडक होऊन निकामी होण्यापर्यंत गेलेलं. "कधीपासून घेत होते?" असं विचारणाऱ्यांना मी आता उत्तरच देत नाही.

लिव्हर बदलावं लागणार, पण एवढ्या वजनात धोका फार, म्हणून आधी जठर लहान करायचं ठरलं. इथल्या एका वजन कमी करणाऱ्या सेंटरने लगेच 'परवा ॲडमिट व्हा' म्हटलं. एंडोस्कोपीचं, म्हणजे दुर्बिणीने आतून तपासायचं, नावसुद्धा काढलं नाही. आम्ही राणी चन्नम्मा एक्स्प्रेस धरली. बेंगळूरला पहिल्याच दिवशी एंडोस्कोपी झाली आणि अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा निघाल्या. त्या फुटल्या तर रक्तस्राव होतो, म्हणून आधी बांधल्या. परवाच ॲडमिट झालो असतो तर? लिव्हरमुळे पोटात साठलेलं पाणी औषधांनी उतरवून परत वजन केलं, तर १११. सात किलो नुसतं पाणी!

जठराची बायपास का नको, हे डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. त्यात आतड्याची वाट बदलते. पुढे ट्रान्सप्लांटनंतरच्या गोळ्या नीट शोषल्या गेल्या पाहिजेत, पित्तनळीपर्यंत दुर्बीण पोचली पाहिजे. म्हणून स्लीव्ह. जठराचा तीन चतुर्थांश भाग काढला, उरलं ते केळ्याएवढं. असल्या लिव्हरवर हे ऑपरेशन करताना लिव्हरच कोलमडू शकतं, त्यामुळे ट्रान्सप्लांटची टीम त्याच इमारतीत हवी. बाकी खोली, कँटीन, एसी कसंही असू दे, एवढं मात्र बघूनच जा.

एक स्टार कापते तो आहाराच्या कागदासाठी. इंग्रजी आणि कन्नड, वर रागी मुद्दे (नाचणीचे उंडे) आणि सांबार. मी कन्नड बोलते, वाचताना अडते. गोकाकची एक सिस्टर होती, तिने बसून सगळं समजावलं: पहिले दोन आठवडे फक्त पातळ, घोट घोट, मीठ कमी, प्रोटीन आधी, बी-१२ च्या गोळ्या कायमच्या. लोणच्याचं विचारलं तर नुसती हसली.

दहा महिने झाले, वजन ८६. ट्रान्सप्लांट अजून व्हायचंय. मुलगा लिव्हर द्यायला तयार होता, तर तपासणीत त्याच्याच लिव्हरवर चरबी निघाली. आता तो रोज पहाटे लेले ग्राउंडला पळतो, आणि कुंद्याची चव बघायचं काम माझ्याकडे आलंय. चमचाभरच.