ॲडल्ट रेड ड्रॅगन : नऊ महिने वापरल्यानंतर

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांनी खेळायच्या भूमिका-खेळाच्या २०१४ सालच्या मॉन्स्टर मॅन्युअलमधला, म्हणजे त्यातल्या राक्षसांच्या पुस्तकातला, ॲडल्ट रेड ड्रॅगन मी खेळ चालवणारा म्हणून गेल्या नऊ महिन्यांत सात वेळा टेबलावर उतरवला. हे लिहावेसे वाटले ते पहिल्या लढाईमुळे. पाच खेळाडू ज्याच्या मागावर कित्येक आठवडे होते, तो शत्रू तिसऱ्या राउंडच्या (सर्वांची एकेक पाळी झाली की एक राउंड) अखेरीस मेला आणि तेवढ्यात त्याने आग एकदाच ओकली, कारण पुढच्या दोन्ही पाळ्यांना आग परत मिळवण्याच्या माझ्या फाशावर २ आणि ३ पडले. खेळाडूंना आनंद झाला, पण तो लगेच ओसरला. ‘एवढाच होता का?’ हा एकीने विचारलेला प्रश्न मला फार लागला.

सुरुवातीला मी दोष त्याच्या २५६ हिट पॉइंटना, म्हणजे तो मरेपर्यंत किती नुकसान सोसतो त्या आकड्याला, दिला आणि दुसऱ्या लढाईत ते दुप्पट केले. ती लढाई सात राउंड चालली आणि त्यातले शेवटचे तीन राउंड सगळे जण तोच हल्ला पुन्हा पुन्हा करून आकडे वजा करत बसले होते. ड्रॅगन अवघड झाला नाही, केवळ लांबला.

त्यानंतर मी नियम पुन्हा वाचला आणि माझे लक्ष रिचार्जच्या फाशावर खिळले, ते आजतागायत हटलेले नाही. आगीचा झोत साठ फुटांच्या शंकूत जातो आणि १८ फाशांचे, म्हणजे सरासरी ६३ इतके नुकसान करतो. पण एकदा वापरल्यावर तो परत मिळवण्यासाठी दर पाळीच्या आरंभी एक फासा टाकून ५ किंवा ६ पडावे लागतात. पहिल्याच राउंडला आग ओकली असे धरले, तर चार राउंडच्या लढाईत ती पुन्हा एकदाही न मिळण्याची शक्यता सत्तावीसांत आठ, म्हणजे जवळजवळ ३० टक्के आहे. उलट सलग तीन राउंड आग मिळण्याची शक्यता नवात एक आहे, आणि तसे झाले तर सावरायला वेळच न मिळता खेळाडूंची सगळी टोळी होरपळते. दोन्ही वेळी निकाल फासा लावतो. खेळाडूंच्या निर्णयाचा त्यात काहीही वाटा नसतो, आणि माझा खरा आक्षेप हाच आहे.

ड्रॅगनांसाठी आणखी एखादे पुस्तक घेण्याचा सल्ला मला मिळाला होता. हातातल्या सामग्रीचा पुरेपूर उपयोग करून पाहिल्याशिवाय नवा खर्च करणे मला पटत नाही, म्हणून मी जुन्या आवृत्त्यांचे नियम तपासले. १९८१ सालच्या बेसिक नियमांत ड्रॅगनला दिवसातून तीनदाच आग ओकता येते आणि तिचे नुकसान त्याच्या त्या क्षणी उरलेल्या हिट पॉइंटइतके असते. कल्पना मला फार आवडली, कारण जखमी ड्रॅगनची आग क्षीण होते आणि प्रत्येक घावाला अर्थ येतो. प्रत्यक्षात मात्र लढाईचा सर्वांत भयंकर क्षण आरंभीच येऊन गेला आणि शेवट फिका पडला.

चौथ्या लढाईपासून मी फासा काढूनच टाकला. आता आग ओकल्यानंतर ड्रॅगन एक पाळी नुसता पंजे-दातांनी लढतो, दुसऱ्या पाळीच्या अखेरीस त्याचा गळा आतून तांबूस उजळू लागतो आणि तिसऱ्या पाळीला आग येतेच. उजळलेला गळा दिसताच खेळाडू पांगतात, खांबांआड जातात, बेशुद्ध सोबत्याला ओढून नेतात. एकाने तर थेट जबड्यात ढाल कोंबण्याचा प्रयत्न केला. मी पंखांचा लेजेंडरी हल्ला, म्हणजे दुसऱ्याची पाळी संपताच ड्रॅगनला करता येणारा जादा हल्ला, याच वेळेसाठी राखून ठेवू लागलो, कारण तो जवळच्यांना खाली पाडतो आणि नंतर ड्रॅगनला निम्म्या वेगाने, म्हणजे चाळीस फूट उडून शंकूचा कोन बदलता येतो. सुरक्षित वाटलेली जागा क्षणात असुरक्षित होते.

हा उपाय निर्दोष आहे असे मी दोन महिने मानत होतो, पण ते मत आता बदलावे लागले आहे. सहाव्या लढाईत खेळाडू राउंड मोजू लागले आणि मधल्या पाळ्यांना निर्धास्तपणे ड्रॅगनला भिडू लागले. तेव्हा २००८ सालच्या चौथ्या आवृत्तीतली एक तरतूद मी उचलली : हिट पॉइंट निम्म्यावर येताच ड्रॅगन तत्काळ आग ओकतो. तो आकडा १२८ आहे, आणि तो खेळाडूंना सांगायचा नसला तरी खवले गळू लागल्याचे वर्णन मी आधीच करतो, म्हणजे जोराचा घाव आत्ता घालायचा की सर्व जण पांगल्यावर, हे त्यांना ठरवता येते. सातव्या लढाईत त्यांनी यावर चक्क वाद घातला आणि वाद चालू असताना मी बोलायचे कटाक्षाने टाळले.

लेजेंडरी रेझिस्टन्सबद्दल, म्हणजे फसलेला बचाव दिवसातून तीनदा यशस्वी ठरवण्याच्या ड्रॅगनच्या सवलतीबद्दल, माझी नाराजी कायम आहे. खेळाडूचा उत्तम मंत्र तीन वेळा नुसता ‘लागला नाही’ असे सांगणे मला आवडत नाही.

पुढच्या मोहिमेत ब्लू ड्रॅगन आहे. त्याची वीज नव्वद फूट लांब, पण केवळ पाच फूट रुंद रेषेत जाते, त्यामुळे गळा उजळला की दोन पावले बाजूला सरकणे पुरेसे होईल. त्याच्यासाठी हा इशारा उशिरा द्यावा की गुहाच अरुंद करावी, याचे नकाशे मी सध्या काढतो आहे.