पीसीओएस आहे, मग शुगरची कोणती तपासणी करायची?

पीसीओएसचं, म्हणजे अंडाशय आणि हार्मोनच्या बिघाडाचं, निदान झालं की डॉक्टर बहुतेक वेळा शुगरही तपासायला सांगतात. लॅबमध्ये तीन पर्याय मिळतात: उपाशीपोटी शुगर, एचबीए१सी आणि ग्लुकोज पिऊन करायची जीटीटी. माझं मत आधीच सांगते, पहिल्यांदा तपासत असाल तर जीटीटीच करा.

पीसीओएस आणि मधुमेह यांना जोडणारा दुवा इन्सुलिनचा आहे. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की स्वादुपिंड ते जास्त बनवतं. हे जादा इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी हार्मोन वाढवायला लावतं. मग पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात. मळ समजून मुली मान घासत बसतात, पण तो मखमली काळेपणा बहुतेकदा याच इन्सुलिनमुळे असतो. या जादा इन्सुलिनच्याच जोरावर सकाळची शुगर बरीच वर्षं आटोक्यात राहते. खाल्ल्यानंतर चढलेली मात्र लवकर उतरत नाही.

म्हणून उपाशीपोटीची तपासणी स्वस्त आणि झटपट असली तरी इथे तोकडी पडते. १०० मिलिग्रॅमच्या आत नॉर्मल, १२६ पासून मधुमेह. पण ९२ आली म्हणून निर्धास्त राहू नका.

एचबीए१सीला उपाशी राहावं लागत नाही आणि साधारण तीन महिन्यांची सरासरी कळते. ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे काठावर, ६.५ पासून मधुमेह. अडचण रक्ताची आहे. एनएफएचएस-५ या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के महिलांना ॲनिमिया आहे. लोह कमी असेल तर हा आकडा उगाच जास्त दिसू शकतो, आणि नुकताच खूप रक्तस्राव झाला असेल तर कमी. पीसीओएसमध्ये या दोन्ही गोष्टी नवीन नाहीत. त्यामुळे सोबत हिमोग्लोबिन बघितल्याशिवाय या रिपोर्टवर विसंबू नये.

जीटीटीला अर्धी सकाळ जाते. रात्रभर किमान ८ तास उपाशी राहायचं, ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाच मिनिटांत संपवायचं आणि दोन तास बसून राहायचं. चहा नाही, फेऱ्या मारणं नाही. काहींना मळमळतं. दोन तासांनी १४० च्या आत ठीक, १४० ते १९९ मधुमेहाच्या उंबरठ्यावर, २०० पासून मधुमेह. आधीचे तीन दिवस भात-पोळी नेहमीसारखी खा. डाएटसाठी ती सोडलेली असेल तर आकडा खोटा चढतो. 'जेवून दोन तासांनी या' म्हणतात ती पीपी याची जागा घेत नाही. कुणी साबुदाण्याची खिचडी खाऊन येतं, कुणी एक पोळी. तुलना कशी करणार?

पीसीओएससाठीच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही जीटीटीलाच पसंती देतात, वजन कितीही असो. बारीक आहात म्हणून टाळू नका. पुढची तपासणी एक ते तीन वर्षांनी. घरात मधुमेह असेल तर मी वर्षावर जाऊ देणार नाही. मूल हवं असेल तर आधीच करून घ्या, आणि गरोदरपणात २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. जीटीटी जमणारच नसेल तर उपाशीपोटी आणि एचबीए१सी दोन्ही एकत्र करा. पॅकेजमधल्या इन्सुलिन पातळीच्या तपासणीवर मात्र पैसे घालवू नका, निदानासाठी तिची गरज नसते.