बाउन्स रेट ४ टक्के, पण फोन वाजेना

आमची वेबसाइट गबाळी होती, हे मी नाकारत नाही. मशीनच्या सुट्या भागांचा धंदा, दहा वर्षांपूर्वीची करडी पानं, वर कोपऱ्यात ठळक फोन नंबर. त्यामुळे ‘मोफत ऑडिट करून देतो’ म्हणत एका एजन्सीचा माणूस आला, तेव्हा मी आधीच अर्धी पटलेली होते.

त्याने लॅपटॉपवर पेजस्पीड इनसाइट्स, म्हणजे साइटचा वेग तपासणारं गूगलचं साधन, उघडून आमचा पत्ता टाकला. लाल वर्तुळात शंभरपैकी ३४. मग त्यांनी केलेली एक साइट टाकली. हिरव्या वर्तुळात ९६. “मॅडम, अशा साइटवर ग्राहक थांबेल कशाला?” मला काही बोलताच येईना. आमचा आकडा ‘मोबाइल’च्या टॅबमधला होता आणि त्यांचा ‘डेस्कटॉप’च्या, हे तेव्हा लक्षातच आलं नाही. मोबाइलची चाचणी संथ नेटवर्क आणि साधा फोन धरून होते, त्यामुळे तिथे गुण बहुधा कमीच पडतात. त्यांची तीच साइट मी पुढे मोबाइलच्या टॅबमध्ये तपासली. ४१.

मूळ साइटच्या सहापट खर्च ठरला, निम्मे पैसे आगाऊ. ‘खास तुमच्यासाठी’ म्हणून जे डिझाइन आलं, ती विकत मिळणारी तयार थीम निघाली. पानाच्या सोर्समध्ये, म्हणजे मागच्या कोडमध्ये, तिच्या फोल्डरचं नाव चक्क दिसत होतं. तयार थीम वापरण्यात गैर काही नाही. बिल मात्र कोऱ्या कागदापासून काम केल्याचं लावलं होतं.

साइट देखणी झाली, हे खरं. फोन नंबर तेवढा तीन रेघांच्या मेनूत जाऊन बसला. महिनाभराने रिपोर्ट आला: बाउन्स रेट, म्हणजे पान उघडून लगेच परत जाणाऱ्यांचं प्रमाण, ६२ वरून ४ टक्क्यांवर. तो आलेख मी हौसेने ऑफिसात सगळ्यांना दाखवला, आणि उरलेले पैसेही देऊन टाकले. पण फोन वाजेना. विचारलं तर म्हणाले, “नवीन साइट रुजायला वेळ लागतो.”

शेवटी भाच्याला दाखवलं. तो आलेख बघून हसलाच. “मावशी, ४ टक्के? हे मोजमापच गंडलंय.” त्याने कोड उघडला. गूगल अ‍ॅनालिटिक्सचा टॅग, म्हणजे साइटवरच्या भेटी मोजणारा कोडचा तुकडा, दोनदा टाकलेला होता. माणूस एक पान उघडतो, नोंद दोन पानांची होते. आणि दोन पानं पाहिली की ती भेट ‘गुंतलेली’ धरली जाते, बाउन्समध्ये येतच नाही. म्हणजे आलेला माणूस त्याच क्षणी निघून गेला तरी आलेखात तो रमलेला! नजरचूक झाली असेल, असंही मी मानलं असतं. पण आम्ही विचारल्यावर एक टॅग गुपचूप निघाला आणि पुढच्या रिपोर्टमधून बाउन्स रेटची ओळच गायब झाली. आधीचे ६२ टक्केही त्यांच्याच अकाउंटवरून मोजलेले. माझ्याकडे स्वतःचा एकही आकडा नव्हता.

पानांचे पत्तेही बदलले होते आणि जुन्यावरून नव्याकडे नेणारे ३०१ रिडायरेक्ट कुणी लावलेच नव्हते. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये ४०४ ची, म्हणजे ‘पान सापडत नाही’ची, रांग. वर्षानुवर्षं एकेका भागाचं पान साठवून ठेवलेले मेकॅनिक रिकाम्या पानावर येऊन परत जात होते.

नवं डिझाइन कधीच परवडत नाही, असं माझं म्हणणं नाही. पण मार्क्स अँड स्पेन्सर या ब्रिटनमधल्या मोठ्या दुकानसाखळीने २०१४ मध्ये मोठा खर्च करून नवी साइट आणली आणि पुढच्या तिमाहीत त्यांची ऑनलाइन विक्री ८.१ टक्क्यांनी घसरली. तिथे फसवणूक नव्हती, तरी ही गत. म्हणून पैसे देण्याआधी अ‍ॅनालिटिक्सचं अकाउंट स्वतःच्या नावावर करा, महिन्याला किती चौकश्या येतात ते वहीत का होईना लिहून ठेवा, आणि शेवटचा हप्ता त्या आकड्याला बांधा. डोमेन (साइटचं नाव-पत्ता) आणि बॅकअपही आपल्याच ताब्यात हवेत. माझ्याकडे बॅकअप होता, म्हणून निभावलं.

जुनी करडी साइट परत चढवली. तिच्यात खरी खोट एकच निघाली: मोबाइलवर चौकशीच्या फॉर्मचं ‘पाठवा’ बटण चॅटच्या चौकटीखाली झाकलं जात होतं. भाच्याने ते एका दुपारीत सरकवलं.

एजन्सीचा मेल गेल्या आठवड्यातही आला. वार्षिक देखभालीचं बिल, आणि सोबत त्यांच्या कामाचा नमुना म्हणून आमचाच तो ४ टक्क्यांचा आलेख.