प्युरिफायर दुरुस्तीत १४,७९८ रुपये गेले, मशीन होतं ११,४९९ चं

आधी आकडा सांगून टाकते म्हणजे ज्यांना हसायचंय त्यांचं हसून होईल. चौदा हजार सातशे अठ्ठ्याण्णव. एवढ्यात नवीन मशीन आलं असतं आणि वर तीन हजार उरले असते, हे नवऱ्याने ऐकवून झालंय, नणदेने व्हिडिओ कॉलवर ऐकवून झालंय, त्यामुळे तुम्ही परत नका सांगू. वाचा आणि ज्यांच्या घरी एअर प्युरिफायर आहे त्यांना पाठवा, विशेषतः म्हाताऱ्या माणसांसाठी घेतलाय त्यांना, कारण हे लोक बरोब्बर तिथेच हात घालतात.

आम्ही चेंबूरला राहतो. समोर एका बिल्डिंगचं आणि मागे दोन बिल्डिंगांचं रिडेव्हलपमेंट एकाच वेळी चालू आहे. महापालिकेने २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये धुळीचे नियम काढले होते, उंच पत्रे लावा, हिरवं कापड बांधा, पाणी मारा, ते सगळं आहे कागदावर. इकडे सकाळी पुसलेल्या खिडकीच्या कट्ट्यावर संध्याकाळी सिमेंटचा थर. घरात आप्पा, माझे सासरे, त्यांना सीओपीडी आहे, म्हणजे फुप्फुसांचा जुनाट, दम लागण्याचा आजार. तेव्हा प्युरिफायर कशाला पाहिजे होता वगैरे ज्ञान कृपया देऊ नका.

झालं असं की नवरात्रात फिल्टर बदलायचा दिवा लागला. मी कंपनीच्याच साईटवरून ओरिजिनल फिल्टर मागवला, २,७९९ रुपये, आणि स्वतः बसवला. प्लास्टिकची पिशवी काढून बसवला, हो, तेवढं कळतं मला. तरी दिवा जाईना. त्यात पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अगदी बारीक धुळीचा आकडा १६०-१७० च्या खाली उतरेना, पहाटे चारला सगळ्या खिडक्या बंद असताना सुद्धा लाल म्हणजे लालच. आप्पा रात्री उठून तो लाल गोल बघत बसायचे आणि मला विचारायचे, सूनबाई, हवा एवढी वाईट आहे का गं. अशा वेळी माणूस मॅन्युअल शोधत बसतो का? मी फोनवर कंपनीचं नाव आणि पुढे कस्टमर केअर मुंबई टाकलं आणि जो पहिला नंबर आला तो लावला. त्याच्यावर बारीक अक्षरात स्पॉन्सर्ड लिहिलेलं असतं हे आता सगळे मला समजावतात. लोगो तोच, रंग तोच, फोन उचलणारी मुलगी कंपनीचं नाव घेऊनच बोलली, पाठोपाठ कंप्लेंट नंबरचा एसएमएस आला. व्हिजिट चार्ज ४९९ आधी भरा, बिलातून वजा होईल. भरले. वजा वगैरे काही झालं नाही ते सोडा.

पोरगा आला तो कंपनीचं नाव छापलेला टीशर्ट, गळ्यात आयकार्ड, चपला दाराबाहेर काढून. मूळचा साताऱ्याकडचा म्हणाला. आप्पा साताऱ्याचे, त्यांना तेवढंच पुरे झालं, गाव कुठलं, तालुका कुठला, चहा झाला. असा मुलगा चोर असेल असं तुम्हाला तरी वाटलं असतं का?

आता मेन गोष्ट. त्याने विचारलं, ताई, घरात अगरबत्ती आहे का, सेन्सर टेस्ट करतो. दिली. त्याने ती मशीनच्या बाजूला धरली तसा आकडा १६८ वरून सर्रकन वर, चारशेच्या पुढे गेला, अगरबत्ती लांब नेल्यावर हळूहळू खाली आला. म्हणाला, बघा ताई, सेन्सर पागल झालाय, पूर्ण मॉड्यूल बदलायला लागेल. मी मान डोलावली. धूर धरला आणि आकडा वाढला, म्हणजे सेन्सरला धूर दिसतोय ना! ज्याला धूर दिसतो तो मेलेला कसा? ही गोष्ट पाचवीतल्या पोराला कळेल, पण समोर चारशे आकडा लाल रंगात दिसत असताना आणि मागे आप्पा खोकत असताना कळत नाही, कोणालाच नाही कळत.

मग तो मशीन घेऊन खिडकीजवळ बसला, पाठ आमच्याकडे, ताई जरा पाणी मिळेल का. मी आत गेले. आल्यावर नवीन मॉड्यूल बसवून तयार, स्क्रीनवर ००९, निळा दिवा. आणि कहर बघा, त्याने तीच अगरबत्ती परत घेतली, तशीच मशीनजवळ धरली. धूर माझ्या नाकात जातोय, डोळे चुरचुरतायत, आणि आकडा ००९. हलला पण नाही. म्हणतो, बघा ताई, आता कसं क्लीन दाखवतंय. आणि मी हसले. मी चक्क हसले आणि आप्पांना म्हटलं, झालं बघा, बरं झालं. हे आठवलं की अजूनही रात्री झोप उडते. नाकाला धूर कळत होता ना मला!

फिल्टरबद्दल म्हणाला हा डुप्लिकेट आहे, म्हणून दिवा जात नाही. मी सांगितलं, कंपनीच्या साईटवरून घेतलाय. तर म्हणे तिथे पण आजकाल डुप्लिकेट विकतात ताई. नवा टाकला, ४,२०० चा, आणि आधीचा काळ्या पिशवीत घालून घेऊन गेला, हा कचऱ्यात टाकायचा नसतो, आम्ही नीट डिस्पोज करतो म्हणून. महिनाभर पण न वापरलेला ओरिजिनल फिल्टर! तो आता कोणाच्या तरी घरी ४,२०० ला बसला असेल. आम्हाला दिला त्याला कडेचं रबर नाही, फोम नाही, गोंदाचा वास येतोय, हवा फिल्टरमधून जायच्या ऐवजी बाजूच्या फटीतून जाणार.

हिशोब लिहून ठेवते. व्हिजिट ४९९. सेन्सर मॉड्यूल ३,८५०. फिल्टर ४,२००. डीप क्लीनिंग १,२५०, म्हणजे मागची जाळी ब्रशने झाडली, जी मी दर पंधरा दिवसांनी व्हॅक्यूमने फुकटात करते. आणि दोन वर्षांची एएमसी, म्हणजे देखभालीचा करार, ४,९९९. पैसे पाठवताना नाव कुठल्यातरी ट्रेडर्सचं आलं. मी विचारलं, विचारलं नाही असं नाही. म्हणाला फ्रँचायझी आहे ताई, कंपनीचं डायरेक्ट खातं कुठे असतं. आता सांगते, कंपनीचं बिल कंपनीच्याच नावावर भरा, नाव वेगळं दिसलं की पिन टाकायच्या आधी थांबा, समोरचा कितीही गोड बोलू दे.

बिल रात्री पीडीएफमध्ये आलं. मी अकाउंट्समध्ये काम करते, जीएसटी नंबर पंधरा अक्षरी असतो आणि महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो हे मला झोपेत विचारा. त्या बिलावर चौदाच होती. पण मी ते तेव्हा उघडलंच नाही, घरात फराळाचा पसारा, चकल्या तेलात, कोण बिल उघडतंय. ऑफिसमधल्यांना मी हे अजून सांगितलेलं नाही.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री खाली लडी लागल्या होत्या, समोरची बिल्डिंग धुरात दिसेना, आणि आमच्या मशीनवर ००९. आपल्याकडे पीएम २.५ ची चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा साठ आहे, जागतिक आरोग्य संघटनेची पंधरा. चेंबूरला, दिवाळीला, नऊ! आप्पा म्हणत होते छातीत भरल्यासारखं वाटतंय आणि आम्ही काय म्हणालो, हवा एकदम चांगली आहे आप्पा, बघा ना निळा दिवा आहे, तुम्ही गरम पाणी प्या. पहाटे नेब्युलायझर लावावा लागला. पैशाचं एक वेळ सोडून देईन मी, हे नाही सोडणार.

शेजारच्यांचा मुलगा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करतो, त्याच्याकडे हवा मोजायचं छोटं मीटर आहे. ते आमच्या हॉलमध्ये ठेवलं तर २१२. बाजूला आमचं मशीन, ००९. त्याने बाजूचं बारकं झाकण उघडलं आणि आतून काय निघालं, काळी चिकटपट्टी. सेन्सरला हवा जायच्या भोकावर चिकटपट्टी! मॉड्यूल जुनंच, कंपनीचा बारकोड तसाच. आत लेझर असतो, त्याच्यासमोरून धुळीचे कण गेले की प्रकाश विखुरतो, त्यावरून आकडा येतो. भोकच बुजवलं तर कण जाणार कुठून, मग नऊच दाखवणार ना ते बिचारं. तीन हजार आठशे पन्नास रुपये एका इंचाच्या चिकटपट्टीचे.

आणि मुळात बिघाड काय होता? काही नाही. सेन्सरच्या भिंगावर बांधकामाची धूळ बसली होती. प्लग काढायचा, झाकण उघडायचं, कोरड्या इअरबडने भिंग हलक्या हाताने पुसायचं, पाणी नाही, स्पिरिट नाही. त्या मुलाने चिकटपट्टी काढून हे केलं आणि आकडा खाली आला. फिल्टरचा दिवा? तो टायमर आहे नुसता, किती तास मशीन चाललं ते मोजतो. नवीन फिल्टर घातला हे त्याला कळतच नाही, रिसेटचं बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं, मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. झाकण नीट बसलं नसेल तरी कित्येक मशीनं चालू होत नाहीत, त्यालाही हे लोक पीसीबी, म्हणजे आतला सर्किट बोर्ड गेला म्हणून सांगतात. आणि हेपा फिल्टर, म्हणजे बारीक कण अडवणारा आतला मुख्य फिल्टर, धुऊन देतो म्हणणारा माणूस दिसला की दार लावून घ्या, हेपा धुवायचा नसतो, धुवायची ती बाहेरची जाळी, तीही पूर्ण वाळवून मग लावायची. फोडणी दिली की आकडा वाढणारच, घाबरू नका.

आता आपल्या यंत्रणेचं ऐका. पोलीस स्टेशनला गेले तर म्हणाले ऑनलाइन पैसे गेलेत ना, सायबरवाल्यांकडे जा. सायबरवाले म्हणाले माणूस घरी आला होता ना, मग सायबर कसं, स्टेशनला जा. परत स्टेशन. तिथे एक साहेब हसत विचारतात, मॅडम, पिन तुम्हीच टाकला ना, मग फसवणूक कसली? अहो, फसवणूक यालाच म्हणतात, खोटं सांगून माणसाच्याच हाताने पैसे काढून घेणं, पूर्वी कलम ४२० होतं आता नवीन कायद्यात कलम ३१८ आहे, मी वाचून गेले होते. तर म्हणे अर्ज देऊन ठेवा. अर्जाची पोच मिळाली, एफआयआर नाही. सीसीटीव्हीत त्याचा चेहरा आहे, गेटच्या वहीत गाडीचा नंबर आहे, मोबाईल नंबर चालू आहे, अजून काय पाहिजे, त्याला पकडून मीच आणू का? बँकेत तीच टेप, पेमेंट तुम्ही ऑथराइज केलंय, आमच्याकडून काही होणार नाही. आणि खरी कंपनी तर सगळ्यांच्या वरताण. आधी म्हणे तो आमचा माणूस नाही, ठीक. मग मशीन तपासून द्या म्हटलं तर म्हणतात अनधिकृत माणसाने उघडलंय, वॉरंटी गेली. म्हणजे यांच्या नावाने जाहिरात देऊन कोणीही लुटावं, ते शोधायची यांना गरज नाही, वॉरंटी मात्र आमची जाणार!

पैसे गेले की त्याच क्षणी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, आधी घरात चर्चा करत बसू नका, पैसे समोरच्या खात्यात असेपर्यंतच ते अडवता येतात. मला मुळात कळलंच दिवाळीत, तोवर खातं कधीच रिकामं झालेलं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, तिथे नोंद केली आहे. कस्टमर केअरचा नंबर बिलावरून, खोक्यावरून किंवा मशीनच्या मागच्या स्टिकरवरूनच घ्या. काढलेला पार्ट घरातच ठेवा, नेऊ देऊ नका. माणूस दुरुस्ती करत असताना पाणी आणायला आत जाऊ नका, तहान लागली तर बाटली घेऊन येईल तो.

जिल्हा ग्राहक आयोगात जायचं ठरवलंय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. पण अर्जात विरुद्ध पक्षाचा पत्ता लागतो आणि बिलावरच्या पत्त्यावर नवरा जाऊन आला, तिथे भिवंडीत बंद गाळा आहे, शेजारच्या टायरवाल्याने सांगितलं याआधी पण दोघं-तिघं विचारत आले होते. त्यातलं कोणी हे वाचत असेल तर मेसेज करा, एकत्र तक्रार टाकू. तो नंबर अजून चालू आहे, परवा त्यांचाच मेसेज आला, तुमच्या एएमसीची पहिली फ्री सर्व्हिस ड्यू आहे, व्हिजिट चार्ज फक्त ४९९.